गिरजाआत्याची नाडी

बाबा जिनिंगमधून घरी यायचे तेव्हा पांढरे झालेले असायचे. भुवयांवर कापूस, मिशांत कापूस, आणि कानांतून तर असे तंतू लोंबत असायचे की वाटावं, यांच्या डोक्यात रुई भरली आहे आणि कुणीतरी ती आतून पिंजतंय. अंगणात उभं राहून ते टॉवेलने स्वतःला झटकायचे आणि शेजारच्या कोंबड्या काहीतरी खायला पडलं म्हणून धावत यायच्या. रोज यायच्या, रोज फसायच्या. अकोल्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये बाबा फिटर होते. मशीन बंद पडलं की बाकीचे लोक बाहेरूनच आपापलं मत देत उभे राहायचे. बाबा गप्प राहून पाना हातात घ्यायचे. उघडून पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. आम्ही दीक्षा घेतली आणि तो नेम त्यांनी कारखान्यातून थेट घरात आणला.

नागपूरहून परत आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी नीट पुसल्या, एका धुतलेल्या फडक्यात बांधल्या आणि मोर्णा नदीच्या पाण्यात सोडून आले. त्या जागी बुद्धाचं चित्र लागलं. जेवायच्या आधी आम्हाला समोर बसवून त्यांनी सांगितलं, "आजपासून कोनी सांगतलं म्हणून कोनतीच गोष्ट मानाची नाही. डोयानं पाहाची, हातानं तपासाची, मंग मानाची."

माय म्हणाली, "भाजीत मीठ बरोबर हाये, हेबी तपासाचं का?"

"तेबी."

बाबांनी अंबाडीची भाजी भाकरीच्या तुकड्यावर घेऊन चाखली आणि मीठ कमी असल्याचं जाहीर केलं. आमच्या घरात झालेला तो पहिला शास्त्रीय प्रयोग. त्याचा परिणाम असा झाला की पुढचे काही दिवस भाजी तोंडात घालवेना इतकी खारट होऊ लागली.

बाबांनी मुद्दाम अमावास्येला जुनी सायकल विकत आणली. घरी येईस्तोवर ती पंक्चर झाली. माय दारात उभी राहून नुसती पाहत राहिली, आणि मायचं नुसतं पाहणं हे बोलण्यापेक्षा वाईट असायचं. बाबा म्हणाले, "एका पंक्चरनं काही साबित होत नाही." पुढच्या अमावास्येला त्यांनी कंदील आणला. त्याच्या पुढच्या अमावास्येला बकरी आणली. कंदील उत्तम चालला. बकरीने मायचं लुगडं खाल्लं. बाबा म्हणाले, ते अमावास्येमुळे नाही, लुगडं वाळत खाली घातल्यामुळे. आज माझे विद्यार्थी एकाच उंदरावर प्रयोग करून धावत माझ्या टेबलाशी येतात तेव्हा माझ्या तोंडून "एका पंक्चरनं काही साबित होत नाही" असं निघून जातं. पोरं एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं, मॅडमचं वय झालं.

या सगळ्या तपासणीतून एकच गोष्ट सुटली होती, आणि ती घरातच ओट्यावर बसलेली असायची. गिरजाआत्या ही बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि ती भावाकडे आली ती कायमची. तिच्या अंगात यायचं. मी लहान असल्यापासून पाहत होते. हातातलं काम चालू असताना ती एकदम थांबायची, नजर समोर कुठेतरी रुतायची, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे आणि बोटं पदराच्या घड्या घालत राहायची, घालायची आणि मोडायची. तोंडातून पुटपुटल्यासारखं यायचं, पण शब्द एकही लागायचा नाही. थोड्या वेळाने ती डोळे मिचकावून म्हणायची, "काय झालं? सारे माह्याकडे काहून पाहून राहिले?" दीक्षेच्या आधी मंगळवारी बायका नारळ घेऊन यायच्या आणि त्या पुटपुटण्यातून आपापल्या सोयीचं ऐकायच्या. एकीला "पोरगा होईन" ऐकू आलं, दुसरीला "म्हैस सापडन". दोन्ही खरं निघालं, त्यामुळे आत्याचं नाव पार भातकुली गावापर्यंत पोचलं होतं.

दीक्षा आत्यानेही घेतली होती. पांढरं पातळ नेसून गेली होती आणि प्रतिज्ञा म्हणताना तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यानंतर एका संध्याकाळी बाबा गल्लीतल्या लोकांना अंगणात बसवून समजावत होते, की भूत, देवी, करणी यातलं काहीच नसतं, आणि नेमकं तेव्हाच आत्या ओट्यावर पदराच्या घड्या घालू लागली. लोकांनी बाबांकडे पाहिलं. मग आत्याकडे. एक म्हातारी सवयीने हात जोडून मोकळी झाली.

आत्या भानावर आल्यावर बाबा तिच्यापाशी बसले. "अक्का, आपन आता हे मानत नाही नं?"

"मी कुठं मानून राहिलो?" आत्या म्हणाली. "पन ते येते, त्याले मी काय करू? त्याले कोनं सांगतलं का आपन दीक्षा घेतली म्हणून?"

बाबांनी दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी काढली. त्यांनी आत्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि गुलाबी औषधाची बाटली दिली. औषध गोड होतं. आत्याला ते इतकं आवडलं की तिने बाटली संपवली आणि दुसरी मागितली, पण अंगात यायचं ते येतच राहिलं. तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. मी शाळेत होते, विज्ञानात बरे मार्क पडायचे. "इमल," ते म्हणाले, "हे काय हाये?"

"मले काय मालूम?"

"मंग मालूम कर."

मेंदूच्या शास्त्राकडे तुम्ही कशा वळलात, असं मला मुलाखतीत विचारतात तेव्हा मी एखाद्या पुस्तकाचं नाव सांगावं अशी त्यांची अपेक्षा असते. खरं उत्तर एवढंच आहे की माझ्या फिटर बापाने एक बंद-चालू होणारं मशीन मला दाखवलं आणि उघडून पाहायला सांगितलं.

कॉलेज अकोल्यातही होतं, पण बाबांनी मला अमरावतीला वसतिगृहात ठेवलं. "घरी रायली तं तुही माय तुले भाकरीलेच लावन," ते म्हणाले, आणि मायने ते नाकारलं नाही. तिची अट वेगळी होती. बी.एस्सी. झाली की शिक्षण बंद आणि लग्न. बाबांनी तसा शब्द दिला. शब्द दिला की तो पाळायचा, हीही त्यांची एक अडचण होती.

अमरावतीला प्राणिशास्त्र शिकवायला आपटेबाई होत्या. पुण्याहून आलेल्या, उंच, सडपातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. बेडूक, साप, विंचू हातात सहज धरायच्या, पण भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर चढून शिकवायच्या आणि विषय मध्येच सोडायच्या नाहीत. वऱ्हाडी बोलीशी त्यांचं जमता जमत नव्हतं. इथल्या बायका "मी जातो, मी येतो" म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, असं सांगतात, त्या वसतिगृहाच्या दारात मागे वळून कोण पुरुष आत आला ते शोधत राहिल्या होत्या.

त्यांच्या एका तासाला टेबलावर बेडूक होता. त्याचा मेंदू निकामी केलेला होता. बाईंनी त्याच्या मागच्या पायाला आम्लाचा थेंब लावला आणि त्या मेलेल्या पायाने झटक्यात स्वतःला आखडून घेतलं. मुलं "अरे बाप्पा" म्हणून मागे सरली. मी पुढे वाकले आणि विचारलं, "बाई, हा मेला हाये तं पाय काहून हालवून राहिला?"

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "मराठीत विचारा."

"मराठीतच विचारून राहिलो, बाई."

वर्ग पुन्हा हसला. मला वाटलं, आता बाहेर काढणार. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "पाय हलवायला डोकं लागतंच असं नाही. पाठीच्या कण्यातूनही काही हुकूम सुटतात," त्या म्हणाल्या. "पण तो हुकूम नेमका कसा सुटतो, ते मलाही पूर्ण माहीत नाही. तास संपल्यावर थांबा." माहीत नाही असं वर्गासमोर सांगणारं शिक्षक माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. तास संपल्यावर मी थांबले, आणि मग पदवी होईस्तोवर थांबतच राहिले.

त्या मला जास्तीचं काम द्यायच्या, आणि त्यातलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे इतवारा बाजारात मटणाच्या दुकानी जाणं. बाईंना बोकडाचा मेंदू हवा असायचा, पण दुकानदाराशी बोलणं त्यांना जमायचं नाही. नाकाला रुमाल लावून त्या म्हणायच्या, "अखंड मेंदू द्या. बाह्यावरणाला धक्का लागता कामा नये."

दुकानदार माझ्याकडे वळायचा. "बाई क्या बोल रही? फ्राय करना है क्या?"

"भेजा साबूत मंगता, चाचा. तुटला नाही पायजे."

"तो ऐसा बोलो ना." तो मेंदू काढून पानात ठेवायचा आणि जाता जाता न चुकता सांगायचा की यात हिरवी मिरची जास्त घाला आणि हळद आधी. बाई त्याचे मनापासून आभार मानायच्या. माझी खात्री आहे, शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की कॉलेजातली ती उंच बाई भेज्याची फार शौकीन आहे.

शेवटच्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांचा निरोप आला की येताना मेंदू घेऊन ये, लोकांना दाखवायचा आहे. आपटेबाईंनी आढेवेढे न घेता काचेच्या बरणीत औषधी पाण्यात ठेवलेला एक मेंदू काढून दिला. "वडिलांना सांगा, झाकण उघडू नका. डोळे चुरचुरतात." मी तो पिशवीत घालून बडनेऱ्याला गाडीत बसले. वाटेत समोरच्या बाईला वास आला. तिने विचारलं, मी औषध म्हणून सांगितलं. तिने विचारलं कशावरचं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच ठरवलं की संधिवातावरचं. अकोला येईपर्यंत ती मला आपला गुडघा दाखवत होती.

घरी पोचले तर माय दारातच वाट पाहत उभी होती. "बरं झालं आली. तोंड धू, ते हिरवं पातळ नेस." चांदूर बाजारहून पाहुणे यायचे होते, मला पाहायला. मुलगा तहसील कचेरीत कारकून होता. मायने हे बाबांना सांगितलं नव्हतं. आणि बाबांनी त्याच दुपारी अंगणात मेंदूचा कार्यक्रम ठेवला होता, तो मायला सांगितला नव्हता. दोघंही एकमेकांना खूश करायची वाट पाहत होते.

पाहुणे आधी आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. घरात पातोडीच्या रश्श्याचा वास सुटला होता, गल्लीत कुणीतरी जातं ओढत होतं. मायने चहा-चिवडा पुढे केला आणि पोरगी सगळं घरचं घरीच करते, लोणची, सांडगे, पापड, असं सांगत सुटली. मुलाच्या आईची नजर कोनाड्यातल्या बरणीवर गेली. "हे काय, फुलगोबीचं लोनचं का?"

मायने तोवर बरणीकडे पाहिलंच नव्हतं. तिने पाहिलं. पांढरट, वळ्यावळ्यांचं, पाण्यात तरंगणारं. "व्हय," ती म्हणाली.

"तेल कमी दिसते. जराशी चव द्या बरं. आमच्याकडं गोबीचं टिकत नाही."

मी उठून बरणीसमोर उभी राहिले. "अजून मुरलं नाही," मी म्हणाले. त्या घडीला मला सुचलेलं ते सगळ्यांत शास्त्रीय वाक्य होतं. आणि तेवढ्यात बाबा अख्खी गल्ली मागे घेऊन दारातून आत आले आणि मोठ्याने म्हणाले, "या, या, बसा! इमल, काढ ते बोकडाचं डोकं!"

मुलाच्या आईच्या हातातला चिवडा बशीत पडला. मायने पदर तोंडाला लावला. पण बाबांना आता थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. अंगणात सतरंजी पसरली, बरणी उलट्या पाटीवर मांडली गेली आणि मी हिरव्या पातळात, डोक्यावर पदर घेऊन, पुढचा मेंदू, मागचा मेंदू, ही नजर, हा तोल, असं सांगू लागले. सुरुवातीला मी सारखी पदर सावरत होते. मग विसरले की समोर पाहुणे आहेत. मुलगा मात्र पुढे सरकून पाहत होता. "याले आपण काय विचार करून राहिलो ते मालूम पडत असन का?" त्याने विचारलं. मला तो प्रश्न अजून आठवतो. तो मुलगा मला तेव्हा आवडला, हेही लिहून टाकते. पण त्याच्या वडिलांना तेवढा वेळ नव्हता.

व्याख्यान झालं, लोक पांगले, आणि मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी हुशार हाये, आमाले पसंत हाये. पन हे डोके-बिके आता बंद. परीक्षा झाली का लगीन उरकून घेऊ."

"अन् पुढचं शिक्षण?" मी विचारलं. आपटेबाईंनी नागपूरला एम.एस्सी.साठी माझ्याबद्दल बोलून ठेवलं होतं. ते मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त घरात शिरताना ओट्यावर बसलेल्या आत्याच्या कानात सांगितलं होतं.

"कायले पायजे पुढचं?" मुलाचे वडील हसले.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा टॉवेलच्या टोकाकडे पाहत होते. त्यांनी मायला शब्द दिला होता. माय माझ्याकडे पाहत नव्हती. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या चहाच्या रिकाम्या कपांमध्ये कुठेतरी पडलं होतं आणि ते उचलायला कुणी वाकत नव्हतं.

आणि ओट्यावर आत्या घुमू लागली.

केस सुटले, मान गरगर फिरू लागली, आणि असा आवाज निघाला की बकरी दावं तोडून पळाली. "कोन आडवं येऊन राहिलं रे माह्या पोरीले?"

मुलाची आई जागच्या जागी उठून उभी राहिली.

"ही पोट्टी नागपूरले जाईन!" आत्या गरजली. "एमेसशी करन! वसतिगृहात राहीन! जो हिले अडवन त्याच्या घरातले सारे भांडे रात्रीतून उलटे होतीन!"

पाहुण्यांनी चपला कधी घातल्या ते मला दिसलंच नाही. मुलगा जाताना मागे वळून बरणीकडे पाहत होता, त्याच्या आईने त्याला दंडाला धरून ओढलं. माय हात जोडून उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि या सगळ्याच्या मधोमध बाबा पानाच हातात असल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "इमल! नाडी पाह्य!"

मी आत्याचं मनगट धरलं. खऱ्या वेळी तिचा हात मी कितीदा धरला होता. बर्फासारखा गार, घामाने ओला, आणि आत नाडी अशी उधळलेली की बोटाखाली सापडू नये. आज हात कोरडा होता, उबदार होता, कांद्याचा वास येत होता. मान जोरजोरात फिरत होती आणि नाडी मात्र डाळीतले खडे वेचत बसलेल्या बाईसारखी निवांत चालली होती. शिवाय एक गोष्ट होती, जी त्या गडबडीत कुणाच्याच ध्यानात आली नाही. आत्याच्या अंगातल्या देवीने जन्मात कधी एक अख्खा शब्द उच्चारला नव्हता. आज ती वसतिगृहाचं बोलत होती.

"काय म्हणते नाडी?" बाबांनी विचारलं.

"जोरात हाये, बाबा," मी म्हणाले.

संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. त्यांच्या मनासारखं झालं होतं आणि ज्या रस्त्याने झालं तो त्यांना मान्य नव्हता. "मी हे मानत नाही," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"तुमी नका मानू," माय म्हणाली. "मी मानतो. तुमचा शब्द मी वापस देऊन राहिलो. पोरगी नागपूरले जाईन. माह्या घरातले भांडे उलटे झालेले मले चालनार नाही." आणि तिने त्यांच्या पुढ्यात ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या ओट्यावर लाल मिरच्यांची देठं काढत बसली होती. मी शेजारी बसले. थोडी देठं मीही काढली. मग हळूच विचारलं, "आत्या, काल खरंच आली होती का?"

आत्याने हातातली मिरची सुपात टाकली. "नाही आली," ती म्हणाली. "मी लय वाट पाह्यली. नाही आली, म्हणून तं मले बोला लागलं."

अमरावतीला परतल्यावर हे मी आपटेबाईंना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मला वाटलं, गोष्ट संपली. पण डोळे पुसता पुसता त्यांनी विचारलं, "आणि खरंच येतं तेव्हा?" मी सगळं सांगितलं, नजर, ओठ, पदराच्या घड्या, नाडी. बाई हसायच्या थांबल्या. "हे सगळं तुम्ही बाहेरून पाहिलंत. त्यांना आतून काय वाटतं?"

"ते विचारलं नाही, बाई."

"कुणीच?"

मी आठवून पाहिलं. बायकांनी देवीला विचारलं होतं, म्हशीचं, पोराचं, पावसाचं. डॉक्टरांनी पोटाला विचारलं होतं. बाबांनी मला विचारलं होतं. गिरजाआत्याला कुणीच काही विचारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "मग बोकडाला आता आराम द्या. तो काही सांगणार नाही. पुढच्या सुट्टीत घरी जा आणि त्यांच्याशी बोला." मेंदूचं शास्त्र मला नंतर पुष्कळ मोठमोठ्या लोकांनी शिकवलं, पण कुठून सुरुवात करायची ते या बाईने, एक डोळा भिंतीवरच्या पालीवर ठेवून, शिकवलं.

पुढच्या सुट्टीत मी आत्याला विचारलं. आधी ती संशयाने माझ्याकडे पाहत राहिली. चेष्टा तर करत नाही ना, म्हणून. मग बोलू लागली आणि थांबेचना. आधी पोटातून काहीतरी वर सरकत येतं, झोका खाली येताना होतं तसं. मग कपाशीच्या वावरात वारा सुटल्यासारखा कानात आवाज. मग जिभेवर गूळ. "ताजा, गरम गूळ, इमल, गुऱ्हाळातला. अन् मंग असं वाटते का हे सारं मांगंबी एकडाव झालं व्हतं. अन् कोनीतरी मले लय मायेनं बलावून राहिलं. अन् मंग मी नसतो." तिने माझा हात धरला. "ते देवी नाही तं मंग कोन हाये?"

"मले मालूम नाही, आत्या."

"मंग शिकून ये अन् सांग."

नागपूरला शिकत असताना मी तिला तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं नाही; आत्याची गुळाची हकीकत पूर्ण ऐकून घेतली आणि फेफऱ्याच्या एका प्रकारावरच्या गोळ्या दिल्या. येणं बंद झालं. आत्याने गोळी एकदाही चुकवली नाही, पण मी भेटले की तक्रार करायची, "गोळी चांगली हाये, पन तोंड अळनी झालं." मंगळवारी येणाऱ्या उरल्यासुरल्या बायकांना ती आता स्वतःच सल्ला द्यायची. बायकांचं म्हणणं पडलं की हा सल्ला देवीपेक्षा जास्त कळतो.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मी संशोधनाला लागले आणि पहिल्या सुट्टीत, मोठ्या ऐटीत, उत्तर घेऊन अकोल्याला आले. आत्या आता थकली होती, ओट्यावर उशीला टेकून बसायची. मी तिच्या कानाच्या वर बोट टेकवून सांगितलं, की इथे आत मेंदूचा एक भाग असतो, तिथे आपोआप वीज चमकल्यासारखं होतं, आणि ती वीज पसरत गेली की माणूस भान हरपतो.

"अन् तो गूळ?"

"तीच वीज."

"अन् कानातला वारा? अन् मांगं एकडाव झाल्यावानी वाटे ते?"

"तेही तीच."

आत्याने आपलं बोट त्याच जागी, कानाच्या वर टेकवलं. "अन् मंग ते मायेनं कोन बलावे?"

मी पुस्तकातलं काहीतरी सांगणार होते. तिच्या तोंडाकडे पाहून ते सांगायचं राहिलं. "ते अजून कोनालेच मालूम नाही, आत्या."

"तुह्या त्या मोठमोठ्या सायबायलेबी?"

"त्यायलेबी नाही."

आत्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू ती बोलावणारी तिच्या माहेरची कुणी मोठी असामी निघाली. मग तिने उशीवरून मान उचलली आणि स्वयंपाकघराकडे पाहून, त्या जुन्या गरजणाऱ्या आवाजात, मायला हाक मारली, "इमलच्या माय! पोरीसाठी भाकरी बांध वं. ते संध्याकाळच्या गाडीनं वापस जाऊन राहिली. तिचं काम अजून अर्धंच झालं."